टीव्हीला फोल्डर दिसेना

‘डिरेक्टरीची माहिती मिळू शकली नाही. नेटवर्क जोडलेलं नसावं. तरीही जोडायचं का?’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी कोडी, म्हणजे टीव्हीवर आपल्याजवळची गाणी-चित्रणं लावायचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेली असते. केबल निघालेली असो, पासवर्ड चुकलेला असो किंवा विंडोजने दार लावून घेतलेलं असो, पाटीतला एक शब्दही बदलत नाही. आमच्या घरी यातल्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी झाल्या होत्या. एक नीट केली तरी पडद्यावर तेच वाक्य. मग वाटतं, आत्ता केलं त्याचा काही उपयोग झाला नाही, आणि माणूस नीट झालेलंही पुन्हा उलटं करून ठेवतो. शेअर केलेल्या फोल्डरच्या दुरुस्तीत खरी दमछाक इथेच होते. म्हणून मी कोणत्या क्रमाने गेले, ते सविस्तर लिहिते आहे.

आधी घराची मांडणी सांगते, कारण निम्मी अडचण तिच्यातच होती. आमचं घर अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत आहे. पुढचा भाग सिमेंटचा, मागचा अजून माळवदाचा, दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतींचा. मागच्या कोठीच्या खोलीत विंडोज ११ प्रोचा डेस्कटॉप आहे आणि त्यावर आप्पांनी जन्मभर जपलेला ठेवा आहे: आज्जीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी, मार्गशीर्षातल्या योगेश्वरीच्या उत्सवातली भजनं, घरातल्या लग्नांच्या व्हीएचएस टेपा. हे सगळं मी डिजिटल करून ठेवलं. टीव्ही पुढच्या बैठकीत, त्याच्यामागे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर आणि त्यावर लिबरइलेक, म्हणजे कोडी चालवण्यापुरतीच छोटी लिनक्स. आईचे गुडघे दुखतात, दोन उंबरे ओलांडून मागे जाऊन कॉम्प्युटरपुढे बसणं तिला होत नाही. रोज दुपारी ती बैठकीतच रिमोट घेऊन ओव्या लावायची.

पावसाळ्याच्या तोंडी नेटवाल्यांनी नवा राउटर बसवला. त्याच सुमारास डेस्कटॉपवर विंडोजचं २४एच२ हे मोठं अपडेट आलं. आई म्हणाली, “तुझ्या आज्जीचं काहीच लागंना गेलंय बघ टीव्हीवर.”

पाटीवर विसंबायचं नाही, हे मी पहिल्यांदा ठरवलं. कोडी पडद्यावर एक बोलतो आणि लॉगमध्ये, म्हणजे आपल्या नोंदवहीत, दुसरं लिहितो. सेटिंग्जमधल्या सिस्टिममध्ये लॉगिंगचा भाग आहे, तिथे डीबग चालू केलं की प्रत्येक प्रयत्नाची ओळ लॉगच्या फाइलमध्ये पडते, आणि त्या ओळीत खरं कारण असतं. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल तर आपली हाक समोर पोचतच नाही: रस्ता तुटलाय किंवा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना अडवणारा पहारेकरी, गप्प बसलंय. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असेल तर हाक पोचली, पण आपण कोण हे समोरच्याने मानलं नाही. ‘परमिशन डिनाइड’ बहुतेक वेळा सांगतं की ओळख पटली, पण या फोल्डरात जायची मुभा नाही. रस्ता, ओळख, मुभा. तपासायचं याच क्रमाने. रस्ताच नसताना पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही.

मला सुरुवातीला दिसला तो ‘टाइम्ड आउट’. म्हणजे रस्ता.

कोडीच्या सिस्टिम माहितीत नेटवर्कच्या पानावर पायचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता दिसत होता, १९२.१६८.१ ने सुरू होणारा. डेस्कटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं, तर तिथला पत्ता १९२.१६८.० चा. तिसरा आकडा वेगळा, म्हणजे एका छपराखाली दोन वेगळी नेटवर्कं झाली होती. नवा राउटर बैठकीत बसला होता आणि जुना मागच्या खोलीत तसाच ठेवून नव्यातून निघालेली केबल त्याच्या वॅन पोर्टात खोचली होती. वॅन पोर्टात केबल आली की राउटर समजतो, आपल्यापलीकडे बाहेरचं जग आहे. मागच्या माणसांना तो बाहेर जाऊ देतो, बाहेरच्यांना आत घेत नाही.

याची एक खूण सांगून ठेवते, कारण तीच बहुतेकांना चकवते. डेस्कटॉपवरून पायला पिंग केलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक मारली, तर उत्तर येत होतं. पायवरून डेस्कटॉपला केलं तर नाही. एका बाजूने चालतंय म्हटल्यावर माणूस नेटवर्क ठीक आहे असं धरून पुढे जातो. पण दोन राउटर असे एकामागे एक असले की वाट एकेरी होते, आणि आपल्याला तर टीव्हीकडून कॉम्प्युटरकडे जायचं असतं.

उपाय साधा आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलून नव्या नेटवर्कातला, नवा राउटर इतरांना वाटत नसलेला एखादा मोकळा आकडा दिला. मग त्याचं डीएचसीपी बंद केलं, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहिला. शेवटी केबल वॅनमधून काढून लॅनच्या, म्हणजे घरातल्या जोडण्यांच्या, पोर्टात घातली. केबल आधी बदलली तर काही वेळ दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि गोंधळ वाढतो. काही राउटरांत ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असं तयार बटण असतं, ते असेल तर एवढंही करावं लागत नाही. आता दोन्ही पत्ते १९२.१६८.१ चे झाले.

पाटी तीच. लॉगमध्येही अजून ‘टाइम्ड आउट’च. इथे मी पिंगच्या भरवशावर राहिले नाही. विंडोजचं फायरवॉल नेहमीच्या सेटिंगमध्ये पिंगला उत्तर देईलच असं नाही, त्यामुळे उत्तर आलं नाही म्हणजे कॉम्प्युटर पोचेना असा अर्थ होत नाही. फोल्डर शेअर करणारा एसएमबी हा प्रोटोकॉल ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो, तेव्हा थेट तेच दार वाजवून बघावं. पुतण्याचा लॅपटॉप त्याच नेटवर्कला जोडून पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा द्यायच्या खिडकीत टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा डेस्कटॉपचा पत्ता आणि ४४५ पोर्ट देऊन चालवली. उत्तर आलं ‘फॉल्स’. दार बंद होतं.

कारण असं: राउटर बदलला की विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क होतं, आणि नव्या नेटवर्काला ते ‘पब्लिक’ धरतं. म्हणजे एसटी स्टँडावरचं फुकट वायफाय असावं तशी वागणूक. तिथे फाइल शेअरिंग बंद राहणं योग्यच आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ केलं आणि ॲडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये प्रायव्हेटसाठी फाइल आणि प्रिंटर शेअरिंग चालू केलं. तीच आज्ञा पुन्हा चालवली, ‘ट्रू’. काही जण या टप्प्याला फायरवॉलच पूर्ण बंद करा म्हणतात. मला तो सल्ला पटत नाही. दार उघडायचं असेल तर कडी काढावी, चौकट उपटू नये.

यापुढचा सल्लाही सगळीकडे फिरत असतो आणि तो जास्त धोक्याचा आहे. कोडीत नवा स्रोत जोडताना ‘विंडोज नेटवर्क’ नावाची ओळ दिसते. तीवर क्लिक केलं की घरातल्या कॉम्प्युटरांची यादी यावी अशी अपेक्षा असते. यादी रिकामी येते. मग कोणी सांगतो, विंडोजच्या फीचर्समध्ये जा, एसएमबी १ चालू करा, यादी येईल. येतेही. पण ती यादी जुन्या पद्धतीवर, एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर उभी आहे. हा प्रोटोकॉल १९८३ मध्ये आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचला, तेव्हा ऑफिसातल्या चार कॉम्प्युटरांचा एकमेकांवर विश्वास असणं गृहीत होतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते याच पहिल्या आवृत्तीतल्या भगदाडातून. ते भगदाड बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, तरी जगभरची न अपडेट केलेली कॉम्प्युटरं सापडली, ब्रिटनमधली सरकारी हॉस्पिटलंसुद्धा. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ चा फोल्डर शेअर करून देणारा भाग नव्या कॉम्प्युटरवर मुळात घातला जात नाही. घरातल्या एका यादीसाठी ते परत बसवायचं, आणि तेही ज्या कॉम्प्युटरवर आज्जीचा आवाज आहे त्याच्यावर, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

यादीची गरजही नसते. त्याच पडद्यावर खाली ‘नेटवर्क लोकेशन जोडा’ आहे. त्यात एसएमबी निवडून सर्व्हरच्या जागी डेस्कटॉपचा पत्ता, मग शेअरचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड. शेअरचं नाव म्हणजे फोल्डरचा मार्ग नव्हे. डी ड्राइव्हपासूनचा सगळा मार्ग तिथे लिहिला तर चालत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंगच्या टॅबवर नेटवर्क पाथ दिसतो, त्यातला कॉम्प्युटरच्या नावानंतरचा शब्द घ्यायचा. मी तो रोमन अक्षरांत, एका शब्दाचा ठेवला. आतल्या फाइलींची नावं देवनागरीत आहेत, त्यांना एसएमबीची काही हरकत नसते. कोडीच्या सर्व्हिसेसमध्ये एसएमबी क्लायंटच्या भागात किमान आवृत्ती २ आणि कमाल ३ केली, म्हणजे जुन्या पद्धतीकडे तो वळणारच नाही.

आता लॉग बदलला: ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. पडद्यावरची पाटी तीच होती, पण मला बरं वाटलं, कारण रस्ता झाला होता.

आधी हे फोल्डर पासवर्डशिवाय, पाहुणा म्हणून उघडत होतं. २४एच२ नंतर ते बंद का झालं, याला नीट कारण आहे. त्या आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही लागते, म्हणजे मधल्या कोणी निरोप बदलला तर कळावं. ती सही ज्या किल्लीने होते ती लॉगिनमधून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, तर किल्ली कुठून येणार? म्हणून पाहुणा दारातूनच परत. सहीची सक्ती काढता येते, पाहुण्याला पुन्हा मुभाही देता येते, पण घरात लेकरांचे मोबाईल, शेजाऱ्यांना दिलेला वायफायचा पासवर्ड, स्वस्तातले वायफायचे बल्ब असं सगळं एकाच नेटवर्कावर असतं. मी टीव्हीसाठी वेगळं खातं काढायचं ठरवलं.

इथे पुष्कळ जण एका जागी अडकतात. आपण कॉम्प्युटर उघडतो तो चार आकडी पिनने, म्हणून कोडीतही तोच पिन भरतात. पिन फक्त त्या कॉम्प्युटरपुढे बसलेल्यासाठी असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर त्याचा खरा पासवर्ड लागतो, जो कित्येकांना आठवतही नसतो. आणि पासवर्डच नसलेलं स्थानिक खातं विंडोज नेटवर्कवरून येऊ देत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘इतर वापरकर्ते’मध्ये जाऊन, मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय, एक साधं स्थानिक खातं काढलं. नाव रोमन अक्षरांत, मोकळी जागा नाही. पासवर्ड लांब, पण नुसती अक्षरं आणि आकडे. ॲट, कोलन, तिरकी रेघ ही चिन्हं पत्त्यातले भाग वेगळे करायला वापरली जातात, पासवर्डात ती आली की पूर्ण पत्ता हाताने लिहिताना घोटाळा होतो. हे खातं प्रशासक नाही, कोणी त्यावरून कॉम्प्युटर वापरत नाही. कोडी पासवर्ड आपल्या एका फाइलमध्ये उघडा लिहून ठेवतो, म्हणूनही स्वतःचं रोजचं खातं टीव्हीला देऊ नये.

कोडीत भरण्याआधी तेच खातं पुतण्याच्या लॅपटॉपवर लावून पाहिलं. तिथे उघडलं तर दोष पायकडे, नाही उघडलं तर डेस्कटॉपकडे, असा सरळ निवाडा होतो. लॅपटॉपने आधी दुसऱ्या नावाने जोडणी केलेली असेल तर विंडोज त्याच सर्व्हरला दुसरं नाव घेऊ देत नाही. नेट यूज या आज्ञेने जुनी जोडणी तोडून मग पाहावं.

लॅपटॉपवर उघडलं. कोडीतही उघडलं. फोल्डरांची नावं दिसली, भजनं लागली. आणि ओव्यांच्या फोल्डरावर क्लिक केलं की रिकामं.

हा सगळ्यांत चिवट भाग होता. विंडोजमध्ये नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन परवानग्या लागतात: एक शेअरची, दुसरी खुद्द ड्राइव्हवरच्या फोल्डराची, जी सिक्युरिटीच्या टॅबवर दिसते. दोन्हींत जी कडक असेल ती लागू होते. शेअरवर सगळ्यांना सगळं दिलं तरी आतल्या फोल्डराने नाही म्हटलं तर नाहीच. भजनं मी बाहेरच्या डिस्कवरून कॉपी केली होती, आणि कॉपी झालेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते. ओव्यांचं फोल्डर मात्र त्याच ड्राइव्हवर माझ्या खात्यातल्या फोल्डरातून इकडे हलवलं होतं. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या परवानग्या अंगावर घेऊनच येते. ती दोन्ही फोल्डरं शेजारी शेजारी, दिसायला सारखी, पण एकाच्या सिक्युरिटीत टीव्हीच्या खात्याचं नाव होतं, दुसऱ्याच्यात नव्हतं. माझ्या खात्याला दोन्ही उघडत असल्याने डेस्कटॉपवर बसून हे कधी कळलं नसतं.

वरच्या फोल्डरावर सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड, तिथे टीव्हीच्या खात्याला फक्त वाचायची परवानगी दिली आणि खालची ‘आतल्या सगळ्यांच्या परवानग्या बदला’ अशा अर्थाची खूण करून लागू केलं. शेअरच्या परवानगीतून ‘एव्हरीवन’ काढून तिथेही हेच खातं, फक्त वाचण्यापुरतं. रिमोटवरचं चुकीचं बटण दाबलं गेलं तरी टीव्हीवरून फाइल पुसली जाऊ नये, ही माझी अट होती. आज्जी गेली, तिचा आवाज पुन्हा रेकॉर्ड होणार नाही.

आईने पहिली ओवी लागली तेव्हा आवाज वाढवायला सांगितला, एवढंच.

मग लाईट गेली. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं-येणं चालूच असतं. राउटर इन्व्हर्टरवर नव्हता. परत आल्यावर सगळ्यांनी नव्याने पत्ते मागितले, डेस्कटॉपला वेगळा आकडा मिळाला आणि पाटी पुन्हा हजर. नव्या राउटरच्या डीएचसीपीत ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं, तिथे डेस्कटॉपच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्या कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, देऊन एक आकडा कायमचा बांधून टाकला. कोडीत स्रोत जोडण्याआधीच हे करून घ्यावं, कारण कोडी आपल्या लायब्ररीत प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता साठवतो. आकडा बदलला की सगळी नोंद जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत राहते. राउटर इन्व्हर्टरवर घेतला, आणि डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये आपोआप झोपणं बंद केलं, स्क्रीन तेवढी बंद होते. झोपलेला कॉम्प्युटर आणि तुटलेलं नेटवर्क कोडीला सारखंच दिसतं.

लग्नांच्या टेपा त्याही आधीपासून अडखळत होत्या, त्याचं कारण परवानग्यांत नव्हतं. व्हीएचएस मी डीव्ही स्वरूपात उतरवल्या आहेत. त्यात तासाला साधारण १३ जीबी होतात, म्हणजे सेकंदाला साडेतीन मेगाबाइटच्या आसपास सलग यायला हवेत. दीड हाताच्या भिंतीतून आलेलं वायफाय ते सलग देऊ शकत नाही. ओव्यांच्या एमपीथ्री फाइलींना याच्या अगदी थोडा भाग पुरतो, म्हणून त्या बिनबोभाट लागायच्या. नेटवाल्यांनी खिडकीच्या चौकटीतून मागे नेलेली केबल आता कामी आली: डेस्कटॉप जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात, पाय नव्याच्या. जुन्याचे पोर्ट १०० मेगाबिटचेच आहेत, म्हणजे सेकंदाला बारा मेगाबाइटपर्यंत, आणि तेवढं भरपूर झालं. भिंत जाड असेल तर महागडा राउटर घेण्याआधी केबल टाकून बघावी, असं मी आता सगळ्यांना सांगते.

कोडीत स्रोत जोडताना हे फोल्डर कशाचं आहे ते तो विचारतो. घरच्या चित्रणाला ‘काहीच नाही’ निवडायचं, नाहीतर तो प्रत्येक लग्नाला इंटरनेटवरून कुठल्या तरी सिनेमाचं पोस्टर लावायला जातो.

लातूरच्या आत्याने ऐकल्यावर फोन केला, “आमच्या इथून लागंल का गं ते?” पुतण्या लगेच म्हणाला, राउटरमध्ये ४४५ पोर्ट बाहेर उघडून देतो. ते मी करू दिलं नाही. हा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवायचा नसतो, पासवर्ड कितीही चांगला असला तरी. आत्याच्या टीव्हीला यूएसबीची जागा आहे. ओव्या आणि तिच्या लग्नाची टेप, एमपीफोर करून लहान केलेली, पेनड्राइव्हवर भरून पुतण्यासोबत पाठवली. डेस्कटॉपवरच्या सगळ्या ठेव्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन तीही तिच्याकडेच ठेवायला दिली.